शेवटचं कोण बोललं?

वेंडेल राश माणसांचा भुकेला होता. पण जीव गेला असता तरी हे त्याने कुणाला कळू दिलं नसतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा तो भागच तसा. तिथे घराला आग लागली तरी माणूस शेजाऱ्याचं दार हळूच वाजवून आधी विचारणार, जेवायला बसलाय का, मग येतो नंतर.

वेंडेल शाळेची बस चालवायचा. सकाळी शेतांमधल्या रस्त्यांवरून पोरं गोळा करायची, दुपारी परत सोडायची. बसमध्ये त्याच्या डोक्याच्या वर पाटी होती, ‘बस चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये’. पोरं दुसरा कुठलाही नियम पाळत नसत, पण हा एक अगदी इमानेइतबारे पाळत. लग्न करायचं राहून गेलं होतं. आई होती तोवर घरात रेडिओ तरी चालू असायचा. ती गेल्यावर तो बसून राहायचा तळघरात. तिथे लाकडी फळ्या मारलेल्या खोलीत एक मोठं टेबल होतं, भोवती खुर्च्या होत्या, आणि वेंडेल आयुष्यात जे काही जगला ते ह्या टेबलावर, शनिवारी.

शनिवारी खेळ असायचा. ह्या खेळाला पट लागत नाही. एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आत काहीतरी हलतंय. मग समोरच्यांकडे बघून विचारतो, काय करता? समोर कुणी योद्धा झालेला असतो, कुणी जादूगारीण, कुणी चोर. ते आपापलं सांगतात, फासे टाकतात, आणि फासे म्हणतील ते खरं. एवढाच खेळ, पण तो वर्षानुवर्षं चालतो, आणि माणसं त्यात आपल्या पोटच्या पोरासारखी त्या चोराची नि योद्ध्याची काळजी घेतात. गावातले लोक हसायचे. हसोत बापडे. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून माशाची वाट बघत दिवसभर उलट्या बादलीवर बसून राहणाऱ्यांनी दुसऱ्याला हसावं म्हणजे कमालच आहे.

वेंडेल सूत्रधार होता, आणि पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. एरवी ज्याच्या तोंडातून शब्द फुटायची मारामार, तो टेबलाच्या त्या टोकाला बसला की राजे बोलायचा, भुतं बोलायचा, खानावळीतली भटियारीण बोलायचा. मग मंडळी पांगली. रॉली बाउमगार्टला दमा, तो ॲरिझोनाला गेला. लाइलला कारखान्यात दुसरी पाळी लागली. केन आणि डार्लीन प्रॉसर नवरा-बायको होते, त्यांनी काडीमोड घेतला. खेळ तू ठेव, असं दोघांनीही मोठ्या मनाने एकमेकांना सांगितलं, आणि मग दोघंही यायचे थांबले. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवायला तरी कुणी आलं असतं.

तीन वर्षं झाली ह्याला. वेंडेल शनिवारी खाली उतरायचं काही थांबला नाही. तो एकटाच खेळायचा. सूत्रधार तोच, योद्धाही तोच. रॉलीचा डाव आला की उठून रॉलीच्या खुर्चीत बसायचा, फासा टाकायचा, मग उठून डार्लीनच्या. अख्खा खेळ मनातल्या मनात. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, ही त्याची स्वतःला घातलेली अट होती. रिकाम्या खोलीत आपण मोठ्याने बोलायला लागलो की मग संपलंच, असं त्याला वाटायचं, आणि ह्या गोष्टीची त्याला खरोखर भीती वाटायची.

ह्या तीन वर्षांत त्याने एक पुस्तक लिहिलं. ह्या खेळाला पुरवण्या निघतात, कुणी देश रचतं, कुणी शस्त्रं, कुणी राक्षस. वेंडेलने राक्षस रचले, पण जन्मलेले नाहीत, घडवलेले. मातीचे, मेणाचे, लोखंडाचे, जुन्या दोरखंडांचे. कुणीतरी जादूगाराने मुद्दाम बसून केलेले. अशा पुस्तकात प्रत्येक राक्षसाच्या माहितीत एक रकाना असतो, एका वेळी किती भेटतात. लांडगे झुंडीने भेटतात, पिशाच्चं टोळीने. वेंडेलच्या सगळ्या राक्षसांपुढे एकच आकडा होता, एक.

त्यातला त्याचा सगळ्यात लाडका म्हणजे कानोसा. त्याचं इंग्रजी नाव वेगळं, पण आपल्याला कानोसाच बरं. मनोऱ्यात एकट्या राहणाऱ्या एका जादूगाराने भट्टीत भाजून काढलेला मातीचा पुतळा. डोळे नाहीत, तोंड नाही, कान मात्र सुपाएवढे. नियम सोपा होता. खोलीत शेवटचं जो बोलेल, त्याच्या अंगावर कानोसा जातो. वेंडेलने तो कितीदा तरी खेळून बघितला. शेवटचं कोण बोललं हे ठरवायला तो एक फासा टाकायचा, एक आला तर रॉली, दोन आला तर केन. सुरेख चालायचं. पुस्तकात त्याने प्रामाणिकपणे लिहिलंही, ‘प्रत्यक्ष खेळात उत्तम चालतो.’

मिलवॉकीत एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत ‘तांब्याचा कंदील’ नावाची लहानशी प्रकाशनसंस्था होती. तिथल्या संपादिका रुथॅन कुबिएक ह्यांना पुस्तक पसंत पडलं. पत्रव्यवहार झाला, वाक्यं इकडची तिकडे झाली, सगळं सुरळीत. आणि मग जानेवारीत एका दुपारी, वेंडेल बस लावून घरी आला तर फोन वाजत होता.

“वेंडेल, मी रुथॅन. वेळ आहे ना?”

“आहे,” वेंडेल म्हणाला. वेळेशिवाय त्याच्याजवळ होतं काय?

“पुस्तक झकास झालंय. तुमची ती मेणाची दासी वाचून आमच्या बॉनीने मेणबत्त्या लावायच्या सोडल्या. कर्टिसने मुखपृष्ठावर कानोसाच काढलाय, बघाल तर खूश व्हाल. पण काल जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो कानोसा खेळायला घेतला.”

“मग?”

“मग डोंबल. बॉनी म्हणाली, चिप्स सरकव रे. कर्टिस म्हणाला, बोलली, शेवटची ही बोलली, कानोसा हिच्यावर. ही म्हणते, मी बोलले, माझा चोर कुठे बोलला? तो म्हणतो, मातीच्या पुतळ्याला काय कळतंय बॉनी कोण नि चोर कोण. अशी जुंपली म्हणता! सुट्टी संपली, चिप्स संपल्या, कानोसा आपला आहे तिथेच.”

हा खेळ खेळणाऱ्या कुठल्याही टेबलावर सगळ्यात जुना प्रश्न हाच असतो, हे तू बोललास की तुझा योद्धा बोलला? माणसं खेळताना खातात, टोमणे मारतात, संडास कुठे आहे विचारतात, बायकोला फोन करायचाय म्हणतात. कुणी ह्यावर तोडगा म्हणून डोक्यावर हात ठेवून बोलतं, म्हणजे हे माझं, योद्ध्याचं नाही. शेंबडं पोरसुद्धा पहिल्या मिनिटाला अडलं असतं इथे. वेंडेल अडला नाही, कारण त्याच्या टेबलावर कुणी बोलतच नव्हतं.

“तुमच्या मंडळींनी हे कसं सोडवलं?” रुथॅनने विचारलं. “तुम्ही तर लिहिलंय, उत्तम चालतो.”

“आमची माणसं,” वेंडेल म्हणाला, “फारशी बोलत नाहीत.”

“खेळतानासुद्धा?”

“इकडची आहेत ना.”

“मीही इकडचीच आहे, वेंडेल.” “असं करू या. छापायला जायच्या आत, ह्या रविवारी दुपारी मी, कर्टिस आणि बॉनी तुमच्याकडे येतो. तुमच्या मंडळींबरोबर बसतो. तुमच्या टेबलावर कानोसा चालला तर राहील. नाही चालला तर मी तो काढते आणि मुखपृष्ठ बदलते. वाईट वाटून घेऊ नका.”

“या ना,” वेंडेल म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला आणि तो स्वयंपाकघरात नुसता उभा राहिला. कानोसा गेला असता तर दुःख झालं असतं, पण ते त्याने गिळलं असतं. गिळता येणार नव्हती ती दुसरीच गोष्ट. तीन माणसं जिना उतरून खाली येणार, आणि त्यांना दिसणार की इथे खेळायला कुणीच नाही, हा बाबा तीन वर्षं खुर्च्या बदलत बसलाय. लाजेने त्याच्या कानशिलं तापली. आणि लाजेच्याही खाली, त्याची त्यालाही धड कबूल नसलेली एक गोष्ट होती, की तीन माणसं येणार होती.

त्याने केनला फोन लावला.

“रविवारी? रविवारी मॅच नाही का रे,” केन म्हणाला. “पण भेटू या की एकदा. नक्की भेटू. बस कशी चाललीय?”

“चाललीय.”

“मस्त. भेटू मग. नक्की.”

तिकडच्या माणसाने दोनदा नक्की म्हटलं की समजून जायचं. लाइलच्या घरी फोन कुणी उचलला नाही. ॲरिझोनाला लावण्यात अर्थ नव्हता. डार्लीनला लावू की नको करत त्याने अखेर लावला.

“केन येणारेय का?” तिने आधी तेच विचारलं.

“नाही.”

“मग आले असते रे. म्हणजे, नाही, खरं सांगू का वेंडेल, नसते आले. ते सगळं त्या घराबरोबर सुटलं माझं. पण ती माझी जादूगारीण, तिचं काय झालं? आहे का अजून?”

“आहे. आता तिला वादळ बोलावता येतं. तिने गेल्या वर्षी समुद्र पार केला.”

डार्लीन हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. “बघ,” ती म्हणाली, “माझ्यावाचून काही अडलं नाही तिचं.”

वेंडेल हो म्हणाला. मग दोघांनी थंडीबद्दल दोन वाक्यं बोलून फोन ठेवला.

रविवारी त्याने जेवढ्या खुर्च्या होत्या तेवढ्या मांडल्या. कढईत बिअर ओतून त्यात सॉसेज उकळत ठेवले, चिप्स बुडवून खायला कांद्याची आंबट साय कालवली, दाण्याच्या लोण्याच्या वड्या थापल्या. अख्ख्या पलटणीला पुरेल एवढं. जुन्यांपैकी कुणी येणार नाही हे माहीत असून माणूस इतकं करतो ह्याला वेडेपणा म्हणा हवं तर, पण त्याचे हात काही ऐकेनात.

ते तिघं दुपारी आले. रुथॅन चाळिशीची, उंच, चष्मा बर्फाने धुरकटलेला. कर्टिस चित्रकार, दाराएवढा रुंद, दाढीवाला. बॉनी कार्यालयातले हिशेब बघायची, अंगाने चिमणीएवढी आणि तोंडाने चालू रेडिओ. तिने हातातला बदामाचा क्रिंगल, तिकडचा कड्यासारखा गोल केक, वेंडेलच्या छातीवर आदळला. “धरा. ह्या बैलाने वाटेत अर्धा खाल्ला असता, मी मांडीवर घेऊन बसले.”

“चतकोर खाल्लाय,” कर्टिस म्हणाला.

सगळे खाली उतरले. टेबल, खुर्च्या, खुर्च्यांसमोर नीट मांडलेले फासे. रुथॅनने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि त्या खुर्च्या बघितल्या.

“तुमची मंडळी यायचीयेत वाटतं? रस्ते वाईटच आहेत म्हणा. आम्हालाच किती वेळ लागला.”

तिने निमित्त अगदी हातात आणून दिलं होतं. रस्ते वाईट आहेत, एवढं म्हटलं की सुटला. त्या भागात बर्फाने किती जणांची अब्रू वाचवली असेल ह्याची गणती नाही. वेंडेलने तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, ते त्याच्या जिभेवर येईना.

“रस्त्यांचं काही नाही,” तो म्हणाला. “कुणीच नाही. तीन वर्षं झाली. मी एकटाच खेळतो. सगळ्यांचे डाव मीच.”

वरून सॉसेजचा वास येत होता. वेंडेल टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला आणि त्याला वाटलं, आता ते कोट चढवतील, सभ्यपणे.

“मग आम्ही काय मेलोय का?” बॉनी म्हणाली आणि रॉलीच्या खुर्चीत बसली. “इथे कोण आहे? योद्धा? छान. मला एकदा तरी कुणालातरी बदडायचंच होतं. कर्टिस, तू बस तिकडे. ती कोण? जादूगारीण? हो रे बाबा जादूगारीण, तुला शोभेल.”

रुथॅन केनच्या जागी बसली आणि तिने पेन्सिलीला टोक केलं.

खेळ सुरू झाला. पहिली पंधरा-वीस मिनिटं वेंडेलचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघत होता, मग सुटला. मनोरा उभा राहिला, जिना उभा राहिला. बॉनी प्रत्येक दार लाथेने उघडायची. कर्टिसने जादूगारिणीला असा काही बारीक आवाज दिला की डार्लीनने ऐकला असता तर त्याला बदडलं असतं. वेंडेल हसला, आणि आपलंच हसणं ऐकून जरा दचकला.

मग ते मनोऱ्याच्या वरच्या खोलीत पोचले आणि तिथे कानोसा उभा होता.

“नियम आधी ठरवून टाकू,” रुथॅन म्हणाली. “भांडण नको. आवाज कुणाचाही असो, तुझा किंवा तुझ्या योद्ध्याचा, कानोसाला सारखाच. बोलला तो बोलला. चला, वेंडेल.”

“पुतळ्याचे कान तुमच्याकडे वळतात,” वेंडेल म्हणाला. “काय करता?”

बॉनीने तोंड उघडलं आणि मिटलं. कर्टिसने दोन बोटं टेबलावरून चालवून दाखवली, म्हणजे पाय न वाजवता पुढे सरकतो. रुथॅनने मान हलवली. बॉनीने हवेत तलवार उपसली. फासा पडला, कर्टिसने बोटांवर आकडा दाखवला. पुन्हा फासा. कुणी चिप्सलाही हात लावेना. बॉनीला हसू आलं तर तिने रुमालाने तोंड दाबून धरलं.

नियम चालत होता. चिरेबंद चालत होता, कुठे फट नाही. आणि वेंडेलला त्या तळघरात घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर ऐकू यायला लागली. हीच घरघर त्याने तीन वर्षं ऐकली होती. भट्टी, मग पाइपातून टकटक, मग पुन्हा भट्टी. त्याच्या टेबलाभोवती जिवंत माणसं बसली होती, ज्यांच्यासाठी त्याचा जीव तुटत होता ती बोलणारी, खाणारी माणसं, आणि त्याच्याच राक्षसाने त्यांची दातखीळ बसवली होती. त्याला भडभडून आलं. त्याने खोकल्याचं निमित्त केलं.

कानोसा अखेर पडला. रुथॅनने पेन्सिल खाली ठेवली.

“चालतो,” ती म्हणाली. “पण खेळ मेला, वेंडेल. लोक पैसे देऊन गप्प बसायला येत नाहीत. काढावा लागेल. मला खरंच वाईट वाटतंय.”

वेंडेलने मान हलवली. कर्टिसने सुस्कारा सोडला आणि चिप्सचा बकाणा भरला. वेंडेल मात्र त्या मनोऱ्यातच अडकला होता. तो जादूगार वर एकटा राहतो. वाऱ्याशिवाय कुणी बोलायला नाही. असा माणूस दहा वर्षं माती मळून काय घडवेल? बोलेल त्याला मारणारा पुतळा? तो काय गाढव होता? गाढव तो नव्हता, गाढव मी, वेंडेलच्या मनात आलं. मी त्याला कधी विचारलंच नाही.

“थांबा,” तो म्हणाला. “उलटं आहे ते. मी उलटं लिहिलंय. बोलणाऱ्याकडे जाऊन तो काय करील? तो जातो सगळ्यात जास्त वेळ जो गप्प आहे त्याच्याकडे. समोर उभा राहतो. वाकून कान लावतो. तेव्हाही नाही बोललात, तर मग धरतो.”

“आणि आवाज?” रुथॅनने विचारलं.

“कुणाचाही. काहीही बोला. त्याला ऐकायचंय फक्त.”

रुथॅनने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “पुन्हा घ्या,” ती म्हणाली. “जिन्यापासून.”

पुढे जे झालं त्याला खेळ म्हणावं की बाजार, मला माहीत नाही. कानोसा खोलीत शिरला मात्र, बॉनी आपल्या सासूच्या जेलीच्या सॅलडवर सुरू झाली. त्यात बाई किसलेलं गाजर घालते, वर मेयोनेज घालते आणि मग विचारते, अजून वाढू का. कर्टिस ट्रॅक्टरची जाहिरात गायला लागला. रुथॅनसारखी रुथॅन, तिने चिप्सचं पाकीट उचललं आणि त्यावरचं मीठ-तेलाचं सगळं मोठ्याने वाचून काढलं. मधेच तलवारी, मधेच फासे, मधेच कर्टिसला ठसका लागला तर कानोसा त्याच्याकडे वळला आणि बॉनी त्याच्या पाठीत गुद्दे घालत ओरडली, “ठसका धरा, ठसका आवाज आहे.” वेंडेलने ठसका धरला. वरती सॉसेज करपत होते, त्याला वास आला, पण तो उठला नाही. तो नुसता बघत, ऐकत राहिला. आवाज भिंतींवर आपटत होते, एकावर एक चढत होते, त्यातलं अर्धं कळत नव्हतं, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की छातीत दुखल्यासारखं झालं.

“वेंडेल,” रुथॅन म्हणाली. तिने पाकीट खाली ठेवलं होतं. “ह्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ कोण गप्प आहे?”

बॉनी थांबली. कर्टिस थांबला. तिघांनी त्याच्याकडे बघितलं.

“मी सूत्रधार आहे,” वेंडेल म्हणाला असता. सूत्रधार खेळात धरत नाहीत, हे जगजाहीर आहे. पण कर्टिसने तोवर कानोसा म्हणून मांडलेली शिशाची बाहुली दोन बोटांत उचलली होती. टेबलावरून सरकवत सरकवत, फाशांच्या मधून, कशाला धक्का न लावता, त्याने ती वेंडेलच्या पुढ्यात आणून ठेवली.

“कान लावलाय त्याने,” कर्टिस म्हणाला. “बोला काहीतरी.”

“काहीही चालतं,” बॉनी म्हणाली. “मी जेली सांगितली.”

वेंडेलने तोंड उघडलं. राजाचं बोलणं त्याला यायचं, भुताचं यायचं. स्वतःचं काय बोलायचं असतं ते आठवेना. त्याच्या ओठांवर फक्त सूत्रधाराचा तो जुना प्रश्न होता, काय करता, आणि तो इथे उपयोगाचा नव्हता. बॉनीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. छोट्या खिडकीतून येणारा उजेड निळसर झाला होता. कर्टिसने घड्याळाकडे बघितलं नाही, पण रुथॅनने बघितलं. मिलवॉकी लांब होतं, आणि रस्ते खरंच वाईट होते.

“तुम्ही इतक्यात जाऊ नका,” वेंडेल म्हणाला.

एवढंच निघालं. निघाल्यावर त्याला ते परत घ्यावंसं वाटलं, पण ह्या खेळात बोललेलं परत घेता येत नाही. बॉनी काहीतरी गमतीचं बोलणार असं वाटलं, ती बोलली नाही. तिने हात पुढे केला आणि बाहुली त्याच्या पुढ्यातून उचलून बाजूला ठेवली.

“ऐकलं त्याने,” ती म्हणाली.

रुथॅनने कागद गोळा केले आणि पुन्हा टेबलावर ठेवले. “कानोसा राहतोय,” ती म्हणाली. “असाच लिहून पाठवा.” मग जरा थांबून, “जावं तर लागेल, वेंडेल. उद्या सोमवार आहे. पण कॉफी टाका. कॉफी होईपर्यंत आहोत आम्ही.”

वेंडेल वर गेला. करपलेली कढई त्याने बाजूला सरकवली. ओट्यावर त्याचं रोजचं लहान भांडं होतं, चुटकीसरशी कॉफी व्हायची त्यात. ते त्याने बघितलं आणि राहू दिलं. मग फडताळाच्या तळाशी वाकून त्याने आईचं ते कॉफीचं भलंमोठं पिंप बाहेर काढलं, चर्चच्या जेवणावळीला लागतं तसलं. त्याला उकळी फुटायला तास लागतो. वेंडेलने नळ सोडला आणि ते पिंप गार पाण्याने गळ्यापर्यंत भरलं.

“अजून किती वेळ?” खालून बॉनीने विचारलं.

“झालीच,” वेंडेल म्हणाला.